पाणमांजराची गोष्ट

पितरांचा पंधरवडा तीन आठवड्यांवर आला तरी पाणी गावात शिरलं नव्हतं.

एरवी या दिवसांत प्रेक क्रान गावातली घरं लाकडी खांबांवर पाण्यात उभी असायची. माणसं जिन्याच्या पाचव्या पायरीला होडी बांधून घरात चढायची. यंदा जिन्याखाली धूळ होती आणि कोंबड्या खांबांच्या बुडाशी माती उकरत होत्या. सरोवर दोन कोस मागं सरकून बसलं होतं. मधल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. कुणी म्हणायचं वर नदीवर धरणं बांधलीत, कुणी म्हणायचं पाऊसच झाला नाही. म्हातारी माणसं काहीच म्हणत नव्हती. जिन्यावर बसून पाण्याच्या दिशेनं नुसती बघत राहायची.

कुन्थियाच्या घरात आंबवलेल्या माशांचा रांजण तळाला लागला होता. रोज सकाळी ती खांद्यापर्यंत हात आत घालून लाकडी पळीनं कडा खरवडायची आणि निघेल तो प्रहोक भातात कालवून चौघांना पुरवायची. नवरा योएन, आठ वर्षांची मलिस, सासरा ता हुऑन आणि ती. ता म्हणजे आजा. म्हाताऱ्याला सगळं गावच ता म्हणायचं.

ता हुऑन अजूनही बांबूच्या कामट्या सोलून माशांचे सापळे विणत बसायचा. योएन ते नेऊन लावायचा आणि दुसऱ्या दिवशी रिकामे आणायचा. कधी बोटाएवढ्या दोन मासळ्या, कधी नुसता खेकडा.

"पुरे करा आता विणणं," योएन एकदा म्हणाला. "मासाच नाही तर सापळे काय शिजवून खायचे?"

"हाताला दुसरं काय येतं मला?" म्हातारा म्हणाला आणि पुढची कामटी सोलायला घेतली.

कुन्थिया गावच्या विहारातल्या मंडपात शाळा घ्यायची. ती स्वतः आठवीपर्यंत शिकलेली. खरे मास्तर शहरात निघून गेले ते आलेच नाहीत, तेव्हा नवे मिळेपर्यंत तू पोरं सांभाळ, असं गावानं तिला सांगितलं, त्याला चार वर्षं झाली होती. सत्तावीस पोरं होती. उपाशी पोरांना अक्षरं शिकवता येत नाहीत हे तिला या हंगामात नीट कळलं. पाटीवर काढलेलं अक्षर पोरं गिरवायची आणि पुसायची, पण डोळे कुठंतरी दुसरीकडंच असायचे. गोष्ट सुरू केली की मात्र पोट धरून बसलेली पोरंही मान वर करायची. म्हणून ती रोज गोष्ट सांगायची.

जिल्ह्याच्या गावी पाच दिवसांचं शिबिर झालं होतं. तिथं तिला शिकवलं होतं की, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी फळ्यावर एका ओळीत बोध लिहायचा आणि पोरांकडून तीनदा म्हणवून घ्यायचा. कुन्थियाला ते आवडलं होतं. पाण्यात वाहून आलेल्या लाकडाला खुणेची दोरी बांधावी, तसं वाटायचं तिला.

ता हुऑन मात्र हसायचा. त्याच्याकडं सशाच्या शंभर गोष्टी होत्या. त्यातल्या एकीलाही बोध नव्हता.

"ससा वाघाला म्हणाला, मी तुझा मामा. वाघानं खरं मानलं. ससा वाचला. आता यात बोध काय लिहिशील, सुनबाई?"

"खोटं बोलू नये, असं लिहीन."

"मग सशाला वाघ खाईल की."

मलिस दोघांच्या मध्ये बसून आळीपाळीनं दोघांकडं बघायची. तिला आजाची गोष्ट ऐकायला आवडायची, पण पाठ करायची ती आईचीच.

त्या आठवड्यात योएननं शेजाऱ्याकडून बॅटरी आणली. मोटारसायकलची जुनी बॅटरी, तिला जोडलेला एक डबा, दोन वायरी आणि दोन लांब काठ्या. एका काठीच्या टोकाला लोखंडी कडं होतं. पाण्यात दोन्ही काठ्या घातल्या की हातभर अंतरातलं सगळं उलटं होऊन वर यायचं. मोठा मासा यायचा, अंडी भरलेली मादी यायची, डोळ्याला न दिसणारं माशांचं बीसुद्धा मरून वर यायचं. गावाच्या पूर्वेला एक डोह होता. पाणी कितीही आटलं तरी तो आटत नसे. माशांचं बी राहावं म्हणून गावानंच तो राखीव केला होता. कागदावर अंगठे उठवणाऱ्यांत योएनचाही अंगठा होता.

"कुठं जाणार आहात?" कुन्थियानं विचारलं.

योएननं बॅटरी प्लास्टिकच्या पोत्यात घातली आणि पाठीवर घेऊन बघितली. पोत्याचा काठ खांद्यात रुतला.

"लोक करतायत. मी एकट्यानं नाही केलं तर डोह वाचणार आहे का?" तो म्हणाला.

ता हुऑननं हातातली कामटी खाली ठेवली, मुलाकडं पाहिलं आणि पाठ फिरवून आडवा झाला. मलिस कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. कुन्थियानं ते पोतं नवऱ्याच्या हातातून घेतलं. जुन्या पँटचा पाय कापला, दुहेरी घडी घातली आणि पोत्याला दोन रुंद पट्टे शिवून दिले. सुई पोत्यातून जाईना, तेव्हा दातांनी ओढली. तिनं तोंडानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला आणि उजाडता उजाडता परत आला. त्या दिवशी घरात भाजलेल्या माशाचा वास सुटला. मलिसनं काट्यासकट डोकं चोखून खाल्लं. आई तिच्याकडं बघत राहिली. पोरीच्या मनगटाची हाडं गेल्या महिन्यात दिसायला लागली होती.

चारपाच दिवसांनी मासे राखणाऱ्या गावसमितीचा प्रमुख साव्हुऑन शाळेत चित्रं घेऊन आला. हा योएनचा लांबचा चुलतभाऊ. बारीक अंगाचा, खोकणारा माणूस. चित्रांत डोह होता आणि बॅटरीवर लाल फुली मारलेली होती.

"वहिनी, पोरांना यावर एखादी गोष्ट सांगा," तो म्हणाला. "तुमची गोष्ट पोरं घरी जाऊन सांगतात. आमचं कोण ऐकतंय?"

तो भिंतीला टेकून बसला. कुन्थियाच्या तोंडून गोष्ट तयारच असल्यासारखी निघाली. एक तळं आटत आलं होतं. सगळ्या प्राण्यांनी मिळून ठरवलं, शेवटच्या डोहातल्या माशांना कुणी हात लावायचा नाही. सगळे पाला खाऊन राहिले. तरी मासे रोज कमी व्हायचे. संशय म्हाताऱ्या करकोच्यावर आला. सगळे त्याला चोच मोडून हाकलणार, इतक्यात बगळीचं छोटं पिल्लू पुढं आलं. त्यानं पहाटे पाणमांजराला डोहात उतरताना पाहिलं होतं. पाणमांजराचे दात मोठे होते, पिल्लाला भीती वाटत होती, पण ते खरं बोललं. पाणमांजराला तळ्याबाहेर घालवलं. मग पाऊस आला आणि डोहातल्या माशांनी तळं भरून गेलं.

पोरं ऐकत होती. मलिसनं हात वर केला.

"पाणमांजराला पिल्लं होती का?"

"गोष्टीत नाहीत."

"मग ते एकटंच एवढे मासे खायचं?"

पोरं हसली. साव्हुऑनही हसला. कुन्थिया म्हणाली, "खाली बस." मग तिनं फळ्यावर लिहिलं: भीती वाटली तरी खरं बोलावं. पोरांनी तीनदा म्हटलं. मलिसचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी साव्हुऑन पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर शहरातला, मासेमारी खात्याचा एक साहेब होता, टोपी घातलेला, आणि बंदुका घेतलेली दोन माणसं. डोहावर मेलेल्या माशांचा थर आला होता. पांढऱ्या पोटांनी पाणी झाकलं होतं आणि वास गावापर्यंत येत होता. साहेबानं मंडपात येऊन चपला काढल्या, पोरांसमोर उकिडवा बसला आणि गोड आवाजात विचारलं, "डोहावर बॅटरी घेऊन जाताना कुणाला पाहिलंय का तुम्ही?"

साव्हुऑन खाली बघत होता. कोण कोण जातं हे त्यालाही ठाऊक होतं. पोरं एकमेकांकडं बघत राहिली. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी बॅटरी होती.

मलिस उभी राहिली. शिकवल्याप्रमाणं तिनं हात जोडले.

"माझे बाबा जातात," ती म्हणाली.

कुन्थियाच्या हातात खडू होता. साहेबानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"पोर खरं बोलतेय का, बाई?"

"लहान आहे ती," कुन्थिया म्हणाली. "काहीही बोलते. खोटं बोलायची सवय आहे तिला."

मलिस आईकडं बघत राहिली. ती रडली नाही. आपलं ऐकण्यात काही चुकलं का, असं बघावं तशी बघत राहिली. मग खाली बसली.

साहेब उठला. म्हणाला, "घर बघू."

घरी ता हुऑन जिन्यावर बसला होता. बंदुका बघून तो उठला, हात पसरून उभा राहिला आणि बोलायला लागला. "या, या साहेब. बरं झालं आलात. वर जाऊ नका, नातीला देवी आल्यात. परवा याच घरात एक माणूस तिला शिवला आणि रात्रीत त्याचं अंग फुललं." असं काहीबाही तो बोलत सुटला. त्याच्या गोष्टीतला ससा असंच बोलून सुटायचा.

"नातीला आत्ताच शाळेत बघितलं आम्ही, आजोबा," साहेब म्हणाला. बंदूकवाली माणसं मोठ्यानं हसली. त्यांतल्या एकानं म्हाताऱ्याला काखेत धरून लहान मुलासारखं उचललं आणि बाजूला ठेवलं. म्हाताऱ्याच्या कमरेचं वस्त्र सुटलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि तसाच उभा राहिला.

बॅटरी भाताच्या कणगीमागं सापडली. योएन तिथंच होता. तो पळाला नाही. साहेबानं पोतं उचलून पट्टे ओढून बघितले.

"शिवण चांगली आहे," तो म्हणाला.

त्यांनी ते ओझं योएनच्याच पाठीवर चढवलं आणि त्याला गावातून चालवलं. पुढं काठ्या हातात धरून तो, मागं बंदुका. जिन्याजिन्यावर बायका उभ्या होत्या. आपापल्या घरातल्या बॅटऱ्या पोत्याखाली ढकलून आलेले पुरुषही उभे होते. धक्क्यावर योएनची होडी उलटी घातली होती. साहेबानं करवत मागवली. साव्हुऑन म्हणाला, "साहेब, होडी राहू द्या, म्हाताऱ्याची आहे." साहेब म्हणाला, "मग तूच काप." साव्हुऑननं कापली. मध्येच त्याला खोकला आला तेव्हा करवत लाकडात तशीच अडकून राहिली. खोकला थांबल्यावर त्यानं पुन्हा धरली. ता हुऑननं ती होडी एकेचाळीस वर्षांपूर्वी स्वतः तासली होती. तो पार दोन तुकडे होईपर्यंत बघत राहिला.

योएनला जिल्ह्याला नेलं.

मग घरात तिघं उरली. सकाळी शाळेआधी कुन्थिया आणि म्हातारा चिखलात जायची. भेगांत हात घालून गोगलगायी काढायच्या, कमळाचे देठ उपटायचे. चिखल वरून वाळलेला आणि आत मऊ. पाय गुडघ्यापर्यंत जायचा आणि काढताना सालपटं निघायची. ता हुऑनचे पाय चिरून गेले होते. तो ओरडायचा नाही, पण पाय उपसताना दर वेळी तोंडातून हवा सोडायचा. दुपारी कमळाचे देठ सोलून मिठात घालायचे. रात्री तेच.

पाणी भरायला गेलं की बाया बाजूला सरकायच्या. एकदा बॅटरी देणाऱ्या शेजाऱ्याची बायको म्हणाली, "काय बाई, गोष्टींनी पोट भरलं का? आमच्या घराचं नाव अजून कुणी घेतलं नाही, तेवढं तुमच्या पोरीला सांभाळा."

दुसरी म्हणाली, "अगं, तिची पोर खोटं बोलते. बाईंनीच सांगितलंय."

त्या हसल्या. कुन्थिया घागर भरत राहिली.

शाळेत पोरं मलिसला 'बगळी' म्हणायला लागली. ती पाठीमागं बसायची. मारलं तरी सांगायची नाही. घरी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची, जेवायला वाढलं तर निम्मं आजाच्या ताटात सारायची. योएनला नेल्याच्या आठव्या दिवशी गोगलगायी धुताना ती आईला म्हणाली,

"मला खोटं बोलायची सवय आहे?"

"नाही."

"मग तसं का सांगितलंस?"

"बाबांना नेतील म्हणून."

"नेलंच की."

कुन्थियाला एवढ्या गोष्टी येत होत्या, पण या पोरीला सांगावी अशी एकही आठवेना. तिनं टोपलीतल्या गोगलगायी पुन्हा पुन्हा धुतल्या, पाणी स्वच्छ झालं तरी धूत राहिली.

त्या रात्री ती सासऱ्याजवळ बसली. म्हणाली, "ता, मी शाळेत जाऊन सांगणार आहे."

"काय?"

"पोर खरं बोलली होती म्हणून. आणि पट्टे मी शिवले म्हणून."

म्हातारा पाय चोळायला लागला. मग म्हणाला, "शाळा जाईल."

"जाईल."

"तुझ्या बोलण्यानं योएन सुटणार नाही."

"नाही."

"मग गप्प राहा. शाळेपायी भात तेवढा तरी येतो विहारातून." थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "पोरगी माझ्याकडंही बघत नाही गं हल्ली. मी साहेबापुढं तिच्या नावानं खोटं बोललो ना, तेव्हापासून."

सकाळी मंडपात पोरं बसली. कुन्थियानं हजेरी घेतली. गोष्टीची वेळ झाली तेव्हा पोरं सरसावून बसली. ती उभी राहिली. गुडघ्यापासून खाली वाळलेला चिखल तसाच होता.

"आज गोष्ट नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी साहेब आले, तेव्हा मलिस खरं बोलली. खोटं मी बोलले. बॅटरीचं पोतं मी शिवलं होतं. मासा मीही खाल्ला. तुम्ही तिला बगळी म्हणता, मारता, ते बंद करा. मारायचं असेल तर मला मारा."

पोरं घाबरली. पुढं बसलेलं एक लहान पोर रडायला लागलं. कुन्थियानं त्याला उचलून घेतलं आणि तशीच उभी राहिली. मलिस मागून बघत होती. त्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी जाताना ती आईच्या दोन पावलं पुढं न चालता बरोबरीनं चालली.

चौथ्या दिवशी विहारातल्या थोरल्या भिक्खूंनी कुन्थियाला बोलावलं. ते नजर खाली ठेवून म्हणाले, "समितीची माणसं आली होती. गुन्ह्यात हात असलेली बाई पोरांना कसं शिकवणार, म्हणतात. काही दिवस एखादा तरुण भिक्खू बसेल वर्गावर." त्यांनी तिला तांदळाची पिशवी दिली. ती तिनं घेतली. नको म्हणण्याइतकं बळ उरलं नव्हतं.

योएन अठराव्या दिवशी परत आला. डोकं भादरलेलं, ओठ फुटलेले, एक पाय ओढत. जिन्याशी बसून त्यानं पाणी मागितलं. ते मलिसनं आणलं. त्यानं भांडं घेतलं, प्यायलं, बाजूला ठेवलं आणि कुन्थियाला म्हणाला, "सीमेपलीकडं ऊसतोडीला माणसं नेतायत. नवराबायको दोघं असली तरच घेतात."

तो मलिसशी बोलला नाही. रागावलाही नाही. ती समोर आली की त्याची नजर दुसरीकडं जायची, जणू पोरीनं त्याला उघडं बघितलं होतं. असे नऊ दिवस गेले. पितरांच्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस आला, तेव्हा भाताचे गोळे करून विहारात ठेवले. यंदा त्यांत मासा नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी पिकअप गाडी रस्त्यावर आली. पाठीमागं आधीच पंधराएक माणसं उभी होती. कुन्थियानं दोघांचे कपडे एका गाठोड्यात बांधले होते. मलिस आजाचा हात धरून रस्त्यापर्यंत आली.

"मी बोलले म्हणून जाताय?" तिनं आईला विचारलं.

कुन्थियानं गाठोडं खाली ठेवलं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"त्यामुळंही," ती म्हणाली. "पाणी आलं नाही त्यामुळंही. पट्टे मी शिवले त्यामुळंही. कुणाचा वाटा किती, ते मला सांगता येत नाही."

मलिसनं मान डोलावली. कुन्थियानं तिला पोटाशी धरलं. पोरीच्या पाठीचे मणके तळहाताला एकेक लागत होते. मग गाडीवाल्यानं गाठोडं ओढून वर टाकलं आणि कुणीतरी कुन्थियाला हात दिला.

योएन आधीच वर चढला होता. गाडीनं धूर सोडला, तेव्हा तो फळीवरून खाली वाकला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यानं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं.

"आजाच्या पायांना तेल लावत जा," तो म्हणाला. "रोज."

"लावीन," मलिस म्हणाली. गाडी हलली. ती दोनचार पावलं गाडीबरोबर धावली आणि ओरडून म्हणाली, "रोज नाही जमणार, बाबा. तेल असेल तेव्हा लावीन."

योएननं तोंडावर हात ठेवला. तो हसतोय की रडतोय, ते शेजारी उभ्या असलेल्या कुन्थियालाही कळलं नाही.